एक भिंत तुमची

मावशींकडे कुणी खोली भाड्याने मागायला आलं, की नाव, गाव, नोकरी विचारायच्या आधी मावशी त्याच्या हातात चुन्याचा कुंचा देत. "तीन भिंती मी मारते, एक तुमी मारा. मग बोलू." माणूस गोंधळून उभा राही. काही जण हसत, काही जण पुन्हा येतो म्हणून जात आणि येत नसत. जो बाह्या वर करून बादलीत कुंचा बुडवी, त्याला खोली मिळण्याची शक्यता असे. शक्यताच, कारण भिंत मारून झाल्यावर मावशी ती जवळून पाहत.

हे श्रीरामपुरातलं, एकाहत्तर सालचं. स्टेशनच्या पलीकडे मावशींच्या चार खोल्या एका ओळीत होत्या, समोर सलग ओटा होता आणि अंगणात एक नळ. मिशनच्या दवाखान्यात वीस-बावीस वर्षं आया म्हणून राबून, नवरा लवकर गेल्यावर एकटीने, त्यांनी त्या उभ्या केल्या होत्या. चारही खोल्या त्यांनी भाड्याने दिल्या आणि स्वतः शेवटच्या खोलीला लागून काढलेल्या पत्र्याच्या पडवीत राहिल्या. पडवीत एक बाज, एक चूल आणि एक लोखंडी पेटी मावे. खिडकी नव्हती.

शेवटची खोली मला मिळाली. मी तेव्हा चोविशीतला हायस्कूलमधला मास्तर. माझ्या वाट्याला दाराकडची भिंत आली होती. पुस्तकं वाचण्यात आयुष्य गेलेलं, चुना कधी हातात धरलेला नव्हता. तासाभरात बोटं चुरचुरायला लागली. मावशी भिंतीजवळ आल्या, दार अर्धं लोटून मागे डोकावल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, कोपरा ऱ्हायला."

मी म्हणालो, "दार उघडं असलं की तो दिसत नाही, मावशी."

"व्हय, दिसत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि कुंचा घेऊन तो कोपरा स्वतः मारला. मला वाटलं, खोली गेली. पण त्यांनी माझ्या हातांना लावायला गोडेतेल आणून दिलं आणि अट सांगितली. कागद नाही, पावती नाही. दर महिन्याला भाडं, आणि मावशी मागतील तेव्हा महिन्याच्या आत खोली मोकळी करून द्यायची. "माझं मानूस कवा माघारी येईल सांगता येत न्हाई. शब्द द्या." मी दिला. तेलकट हात हातावर ठेवून दिला.

मधला माणूस त्यांना चालत नसे. स्टेशनजवळ एक दलाल होता. कोर्टात, बँकेत, साखर कारखान्यात बदलून येणाऱ्यांना तो खोल्या दाखवी. तो दोनदा येऊन गेला. "मावशी, तुम्हाला ताप नको. माणूस मी आणतो, भाडं मी वसूल करतो, कागद पक्का करतो." मावशी म्हणाल्या, "तुला काय ठावं, कोनच्या खोलीत वारं कुठनं येतं? अन माझ्या दारात कोन निजंल हे तू ठरवनार व्हय?" पत्र्याला भोक पडलं की डांबर घेऊन त्याच वर चढत. नळाची चकती त्याच बदलत. त्यासाठी एक पाना, हातोडी आणि सुतळीचं बंडल एका जुन्या पिशवीत तयार असे.

पहिल्या खोलीत एसटीतले एक कंडक्टर सहकुटुंब राहत. ते मावशींची थट्टा करत. "मावशी, तिकीट फाडल्याबिगर पाशिंजर बसवता. एक दिवस चेकिंगला सापडाल." मावशी म्हणत, "तुमी हायत की चेकर. बसा ध्यान ठिवून."

त्यांची आणखी एक सवय मी पुढे कुठल्याच घरमालकात पाहिली नाही. घर त्यांचं, पण भाडेकरूच्या दारातून त्या विचारल्याशिवाय आत येत नसत. दार सताड उघडं असलं तरी बाहेर थांबून "येऊ का?" म्हणत. नाताळाच्या आधी त्या सगळ्या खोल्यांना पुन्हा चुना देत, तेव्हाही बादली बाहेर ठेवून प्रत्येक दारात "येऊ का?" म्हणत. आणि तेव्हाही एक भिंत भाडेकरूची. कंडक्टर आपली भिंत गाणं म्हणत मारत.

मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांची एकुलती मुलगी, सुशीला, राजूरच्या पलीकडे डोंगरातल्या एका शाळेत शिकवायची. तिची पत्रं येत, ती मी वाचून दाखवायचो. मावशी उंबऱ्यावर बसत, डोळे मिटून ऐकत, आणि संपलं की म्हणत, "पुन्ना एकदा. तिचं ते पावसाचं वाचा." मी पुन्हा वाचायचो. उत्तरही मीच लिहायचो. वर्ष-दीड वर्षात त्या दोघींचं काही मला ठाऊक नाही असं राहिलं नव्हतं. हे मी इथे मुद्दाम लिहितो आहे.

बहात्तर साल आलं. पावसाने दगा दिला होता. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. ऑक्टोबरात सुशीलेचं पत्र आलं, आणि ते वाचताना माझाच आवाज अडखळला. तिला क्षय झाला होता. नोकरीवरून रजा घेऊन ती आईकडे येणार होती. मिशनच्या दवाखान्यात इंजेक्शनं घ्यायची होती, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, की तिला वेगळी, हवेशीर, उन्हाची खोली हवी. चार खोल्यांत दोन खिडक्यांची खोली एकच होती. मी जिच्यात बसून ते पत्र वाचत होतो ती.

मावशींनी त्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दारात उभ्या राहिल्या. "येऊ का?"

"या ना, मावशी."

त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "मास्तर, माझं मानूस येतंय. खोली लागंल. महिन्याभरात दुसरीकडं बगा. मी बी बगते तुमच्यासाठी."

मी एम.ए.ची परीक्षा बाहेरून देत होतो. एप्रिलमध्ये पेपर होते. टेबल खिडकीशी लावलेलं, कपाटभर पुस्तकं, टिपणांचे गठ्ठे. मी म्हणालो, "एप्रिलपर्यंत थांबता आलं तर बरं होईल. अभ्यास मोडेल."

मावशी म्हणाल्या, "एप्रिलपतुर पोरीचं दुखनं थांबंल का?" मग वळता वळता, "बगा तुमी. शब्द तुमचा हाय."

मी ही गोष्ट शाळेत एका सहकाऱ्याला सांगितली. तो हसला. "मास्तर असून कायदा माहीत नाही? भाडेकरूला असं उठवता येत नाही. बसून राहा." पुढच्या रविवारी तो मला एका वकिलाकडे घेऊन गेला. वकील म्हणाले, एक नोटीस पाठवून ठेवू, म्हणजे नोंद राहील. मी नाही म्हणालो नाही. नोटिशीचा मसुदा त्यांच्या कारकुनाने केला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त केल्या. मी कायदेशीर भाडेकरू आहे, माझ्या कब्जात अडथळा आणल्यास कोर्टात दाद मागितली जाईल, खर्चाची जबाबदारी मालकिणीवर राहील, असा तो मजकूर होता.

हा कागद पोहोचल्यावर मावशी तो कुणाकडून वाचून घेतील, हे मला सुचलं नाही. असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. आता म्हातारपणी सांगत नाही. सुचलं होतं. मी तो विचार तिथल्या तिथे बाजूला ठेवला.

रजिस्टर पत्र आलं त्या दिवशी मी शाळेतून परतलो, तर मावशी ओट्यावर माझीच वाट पाहत होत्या. अंगठा उठवून पत्र घेतलं होतं, त्याची शाई अजून बोटाला होती. "मास्तर, हे काय आलंय बगा बरं."

मी कागद उघडला. माझं नाव पहिल्याच ओळीत होतं. मी म्हणालो, "नगरपालिकेचं आहे. घरांची मोजणी करणार आहेत. काही करायचं कारण नाही."

"एवढंच? दोन पानं हायत की."

"सरकारी भाषा लांबलचक असते, मावशी."

"व्हय," त्या म्हणाल्या. कागदाची घडी घालून त्यांनी तो जपून पेटीत ठेवला, कारण सरकारचा कागद होता.

नोव्हेंबरात सुशीला आली. माझ्याच वयाची असेल, फार वाळली होती. मी खोली सोडली नव्हती, म्हणून ती पडवीत राहिली, त्या बाजेवर, चुलीच्या धुरात. पडवीत दुसरं माणूस मावत नव्हतं. मावशी ओट्यावर माझ्या दाराशेजारी निजू लागल्या. त्या वर्षी पाऊस नसला तरी थंडी होती. सकाळी मी दार उघडायचो तेव्हा त्या घोंगडी झटकून घडी घालत असायच्या. मला जायला वाट व्हावी म्हणून अंग चोरून बाजूला होत. "जावा मास्तर, उशीर व्हईल."

खोली त्यांनी पुन्हा मागितली नाही. मी समजत होतो, त्या विसरल्या किंवा त्यांनी मनावर घेतलं नाही.

एका रविवारी दुपारी मी पुस्तक घेऊन बसलो होतो. पडवी आणि माझी खोली यांच्यात एकच विटेची भिंत होती. सुशीला पेटी आवरत असावी. एकाएकी तिचा आवाज आला, वर्गात धडा वाचावा तसा स्पष्ट. "आमचे अशील..." पुढे माझं नाव. मग सगळा मजकूर. मध्ये खोकल्यासाठी ती दोनदा थांबली. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "आई, हे तुला कोणी वाचून दाखवलं होतं?"



"मास्तरांनी," मावशी म्हणाल्या. आणि मग, "ठिव पेटीत. हळू बोल, त्यांचा अभ्यास चाललाय."

मी उठून पलीकडे गेलो नाही. पान उलटलं. ते पान कुठलं होतं हे मला आजही आठवतं, त्यावर काय होतं ते नाही.

नाताळ जवळ आला. पाणी कमी होतं, तरी मावशींनी चार दिवस साठवून चुना भिजवला, डिंक आणि नीळ घातली. तीन खोल्या झाल्या. कंडक्टरांनी आपली भिंत मारली, या खेपेला गाणं न म्हणता. मग माझ्या दारात बादली टेकल्याचा आवाज आला. "येऊ का?"

मी उठलो, बाह्या वर केल्या, कुंच्यासाठी हात पुढे केला. मावशींनी कुंचा दुसऱ्या हातात घेतला.

"तुमी बसा," त्या म्हणाल्या. "तुमची परीक्षा हाय."

त्यांनी दार लोटलं आणि सुरुवात त्या मागच्या कोपऱ्यापासून केली. चारही भिंती एकटीने मारल्या. मी टेबलाशी बसून होतो. पुस्तकांवर थेंब उडू नयेत म्हणून त्यांनी आपलं जुनं लुगडं आणून कपाटावर पांघरलं. त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो, कायदा सांगितला असता. पण एक भिंत भाडेकरूची हा त्यांचा रिवाज होता, आणि त्यातून त्यांनी मला वगळलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरात फक्त भाडं देणारा माणूस होतो.

जानेवारीत कंडक्टरांनी बायकोमुलांना गावी खर्ड्याला धाडलं, आपलं बिऱ्हाड डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत हलवलं आणि मावशींच्या हातात किल्ली दिली. त्यांच्या खोलीला एकच खिडकी होती, पण उन्हाची होती. सुशीलेची बाज तिथे गेली. त्या संध्याकाळी कंडक्टर मला नळावर भेटले. म्हणाले, "मास्तर, तुमी शिकलेले, तुमाला काय सांगायचं? पर स्टाप आला की उतरावं लागतं बगा. मागं मानसं उभी असत्यात."

मी पास झालो. जुलै महिन्यात नगरला चांगली नोकरी मिळाली आणि खोली सोडली. माफी मागायची ठरवून गेलो होतो, वाक्यंही जुळवली होती. मावशींनी किल्ली घेतली, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "खोली चांगली ठिवली मास्तर तुमी." त्या वाक्यानंतर मला माझी वाक्यं काढता आली नाहीत. टांग्यात बसलो.

गेल्या नाताळाच्या सुमारास मावशी गेल्याचं कळलं. नव्वदीला टेकल्या होत्या. इतक्या वर्षांत नगरहून श्रीरामपूरला जायला मला कधी सवड झाली नव्हती. ती आता झाली. खोल्या त्याच आहेत, वर स्लॅब पडला आहे. सुशीलाबाई पूर्ण बऱ्या होऊन पुन्हा शाळेत रुजू झाल्या होत्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, आणि खोल्यांचं सगळं आता त्याच पाहतात, मधला माणूस न घेता. माझ्या जुन्या खोलीत त्या राहतात. दार उघडंच होतं. मी बाहेर थांबून म्हणालो, "येऊ का?"

त्यांनी मला ओळखलं. चहा केला. मी त्या कागदाचा विषय काढला. त्यांनी मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "आई तुमची आठवण काढायची. म्हणायची, मास्तर पत्रं फार छान वाचायचे. तसं वाचणारा पुन्हा मिळाला नाही."

त्यांनी हे मला क्षमा म्हणून सांगितलं की शिक्षा म्हणून, हे मी विचारलं नाही. निघताना दाराआड पाहिलं. कोपरा पांढरा होता.

आता माझंही घर आहे, आणि वरचा मजला भाड्याने देतो. त्याची व्यवस्था एक एजंट पाहतो. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हाला वेळ आहे, स्वतःच का बघत नाही, कमिशन कशाला? मी म्हणतो, मला माणसं ओळखता येत नाहीत. ते खरं नाही. एक भाडेकरू मी फार जवळून ओळखतो.

परवा एजंट म्हणाला, "काका, शिक्षक आहे मुलगा. कुठल्याशा परीक्षेचा अभ्यास करतो. एकदा भेटून घेता का?"

मी म्हणालो, "नको. कागद तेवढा पाठवून द्या."

सात पानी करार आला. मी चष्मा लावला, उंबऱ्याशी खुर्ची घेतली आणि तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला, एकही शब्द न गाळता. ऐकायला घरात कुणी नव्हतं.