दिल्लीची आत्या आणि पावणेदोन तास

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, तरी दिल्लीची आत्या काही आमच्याकडे रायपूरला यायला तयार नव्हती. बाबांनी बोलावलं की एकच उत्तर, "गुडघे गेले रे बाबू. येवढा वेळ गाडीत बसवत नाही." बाबांचा जीव तुटायचा. बहिणीला एकदा बघून तरी येऊ म्हणाले. मी तेव्हा रायपूरजवळच्या सिलतऱ्याला एका कारखान्यात नोकरीला होते. हट्टाने विमानाची तिकिटं काढली.

बाबांची उभी हयात रेल्वेत गेलेली. पावणेदोन तासांत दिल्ली, हे त्यांना पटेना. "गाडी नागपूर, भोपाळ फिरत जाते. विमान सरळ उडते," मी समजावलं. मग त्यांच्या डोक्यात खोडी शिरली. सकाळी घरून निघताना त्यांनी आत्याला फोन लावला.

"निघून राहिलो, बाई."

"या, या! उद्या तुया भाऊजीले ठेसनावर पाठवते."

"हव, पाठव," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि गालात हसले.

विमानात ते सारखे घड्याळ बघत होते. दिल्लीत उतरल्यावर म्हणाले, "रेल्वेनं अजून गोंदियाही आलं नसतं!"

दुपारी आत्याच्या कॉलनीत पोचलो, तर समोरच्या मैदानात बायकांची रस्सीखेच रंगली होती. एका बाजूला सगळ्यात पुढे, पदर खोचून, टाचा मातीत रोवून आमची आत्या! "जोर लगाओ!" असं ओरडता ओरडता तिची नजर बाबांवर गेली आणि हातातला दोर सुटला. मागच्या सगळ्या बायका एकमेकींवर कोसळल्या.

"काहून बाई, गुडघे कसे आहेत?" बाबांनी विचारलं.

"तू तं उद्या येऊन राहिला होता ना?" ती धापा टाकत म्हणाली.

"विमानानं आलो. पावणेदोन तास."

ती क्षणभरही ओशाळली नाही. उलट बाबांवरच उखडली. "पावणेदोन तास? मंग मले न्यायले असा काहून नाही आला आजवर? गुडघे गाडीत दुखतात माये, विमानात कायले दुखतीन?"

परत येताना ती आमच्यासोबतच विमानात होती. खिडकीची जागा बाबांची, पण तीच बसली.

रायपूरला तिने आईला आधी सदर बाजारात फिरवलं, मग पंडरीला कापडाच्या दुकानांतून. एकेक साडी उलगडायला लावायची आणि "दिल्लीत याहून चांगली मिळते" म्हणून उठायची. संध्याकाळी आई पाय चेपत बसायची आणि आत्या अंगणात शेजारणींना विमानाच्या गोष्टी सांगायची.

महिना झाला, तरी तिच्या तोंडी परतीचं नाव नव्हतं. शेवटी आईने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"पोट्टे, येवढं जवळ कोनं आनाले सांगितलं होतं दिल्लीले?"

तेवढ्यात बाहेरून आत्याची हाक आली. तिला भिलाई बघायची होती.