मी म्हटलेलं ‘हरकत नाही’

“खुर्च्या नागरिकांसाठी आहेत. तू दाराशीच उभी राहा. चालेल ना?”

नगरपालिकेचा कारकून मला म्हणाला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी जपून, शुद्ध बोलले, “हरकत नाही, साहेब.”

अकोल्यातली गोष्ट. आम्हाला बौद्ध होऊन चार-पाच वर्षं झाली होती. कापसाचे ट्रक तेव्हा वकिलांच्या बंगल्यांवरून जिनिंग कारखान्याकडे जायचे. धुरानं त्यांचे पडदे काळे व्हायचे. म्हणून ट्रक आमच्या वस्तीतून वळवायचं घाटत होतं. त्याआधी लोकांच्या हरकती ऐकणार, अशी दवंडी फिरली. माझ्या मायला दमा. तिला चुलीचा धूर सोसत नव्हता. दारातून ट्रक गेले तर ती जगणार कशी?

गुरुजी नगरपालिकेचे सभासद. मला सातवीपर्यंत त्यांनीच शिकवलं. “पोरी, तू ये. मी आहे ना,” म्हणाले. मी हुरळून गेले. आम्ही घरी “चालते जी” म्हणायचो. ते गावंढळ वाटतं, ‘हरकत नाही’ म्हणावं, हेही त्यांनीच शिकवलेलं.

वकील बोलले. डॉक्टर बोलले. मग सभा संपल्याचं कारकुनानं सांगितलं. मी पुढं धावले. “साहेब, माह्या मायले दमा हाये. आमचं आयका.”

“तुझं लिहून घेतलंय,” कारकून म्हणाला. “सही कर.”

मी रजिस्टर ओढून वाचलं. ‘वस्तीतर्फे एक बाई हजर. विचारले असता हरकत नाही असे सांगितले.’ खाली गुरुजींची सही. ओली.

“गुरुजी, मी तं उभं राहाले हरकत नाही म्हटलं.”

त्यांनी चष्मा पुसला. “शब्द तर तुझेच आहेत ना, पोरी?”

या माणसाच्या मी पाया पडायचे. त्या क्षणी मला स्वतःचीच किळस आली. रडू नाही आलं. संताप आला.

“सही नाही करत. माही हरकत हाये. लिवा.”

कोणी लिहिना. मी टाक उचलला. ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, ‘हरकत आहे.’

“रजिस्टर बाटवलं!” कोणीतरी ओरडलं. शिपायानं दंडाला धरून मला बाहेर काढलं.

ट्रक आलेच. माय दोन वर्षं खोकली आणि गेली. गुरुजी समाचाराला आले, तेव्हा मी दार उघडलं नाही. उघडायचं नव्हतंच.

आता वस्तीतल्या बायांना मी शिकवते. सभ्य बोलणं नाही शिकवत. कागद वाचायला शिकवते. यापुढं नगरपालिकेच्या सभेला आम्ही जाऊ ते गोड बोलायला नाही. एकेक ओळ वाचू. खोटी निघाली तर तिथंच, त्यांच्या डोळ्यांदेखत, खोडू.