म्हातारीचा भोंगा आणि मामांचे नारळ

मयूर विहारहून फरीदाबादला जायचं असेल तर हल्ली मेट्रो आहे, तिनंच जा. आम्ही गेलो तेव्हा ती तिथवर पोचली नव्हती, आणि तसंही आम्हाला ट्रकच पोचवायचा होता.

ट्रक मामांचा. मामा फौजेत ड्रायव्हर होते, हुद्दा हवालदाराचा. निवृत्तीनंतर त्यांनी हा जुना ट्रक घेतला, त्याचं नाव ‘म्हातारी’ ठेवलं आणि पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. पुढे सोसायटीत पार्किंगवरून रोज कटकट व्हायला लागली, तेव्हा फरीदाबादचे एक नर्सरीवाले चौधरीजी रोपं वाहायला तो घ्यायला तयार झाले. अट एकच. फोनवर म्हणाले, "चलके आई तो ट्रक है जी, खिंचके आई तो कबाड़." ते ऐकून मामा त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

मला बरोबर घेतलं, कारण मी विजेच्या सरकारी ऑफिसात आहे. मी तिथे लोकांचे रजेचे अर्ज बघते, पण मामांना ही सबब वाटते.

दिवसा ट्रकला दिल्लीत नो-एन्ट्री, म्हणून भल्या पहाटे निघायचं ठरलं. म्हातारी ढिम्म हलेना. बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर साचला होता. मामीनं चहाच्या आधणातलं गरम पाणी दिलं, मी तो थर घासून काढला आणि बाई खोकत खोकत सुरू झाल्या. वायपरही फिरायला लागला, कारण दिवे लावले की वायपर फिरतो, ही तिची जुनीच खोड.

"अनू, हाताला गुण आहे तुझ्या," मामा म्हणाले. मग शुभकार्याला निघाल्यासारखा त्यांनी बंपरवर नारळ फोडला आणि त्याचं पाणी समोरच्या जाळीतून आतपर्यंत भक्तिभावानं शिंपडलं. मामीही बरोबर निघाली, तिनं नारळांची अख्खी पिशवीच घेतली होती.

नोएडा मोडच्या आधी एक खड्डा आला आणि भोंगा वाजायला लागला. मामांनी भोंग्याला हातही लावला नव्हता, तरी थांबेना. पुढचे टेम्पो घाबरून बाजूला होत गेले. इतका मोकळा रस्ता मला दिल्लीत पुन्हा कधी मिळालेला नाही.

कडेला थांबून मी फ्यूज काढला, फुंकला, परत लावला. हात चिकट झाले म्हणून समोरचा भागही फडक्यानं पुसला. भोंगा गप्प. मामा इतके खूश झाले की लगेच दुसरा नारळ फोडला.

कालिंदी कुंजला भोंगा पुन्हा सुरू. आता मात्र फ्यूज काढूनच ठेवला. तिथे सकाळी छोले-कुलचे चांगले मिळतात, स्वस्त आणि पोटभर. हिरवी चटणी मात्र जपून घ्या. कुलचेवाल्यानं शांतपणे विचारलं, "मैडम, बारात पीछे आ रही है क्या?"

मामा फुटपाथवर बसले होते. कुलचा तसाच गार होत होता.

"हिला कळलंय," ते म्हणाले. "विकतोय ते. म्हणून ओरडतेय."

"मामा, भोंग्याची वायरच कापू का?"

"मुका ट्रक कोण घेईल? कबाडात घालतील तिला."

त्यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं. मामी मात्र निवांत खात होती. दुसरा कुलचा संपवून म्हणाली, "अहो, तुम्ही नारळ फोडला की ओरडते ती. पाणी जातंय तिच्या नाकात."

आम्ही जाळीतून डोकावलो. भोंग्याच्या वायरींवरची टेप कुजून गेली होती, उघड्या तारांवर नारळाचं पाणी ठिबकत होतं आणि खोबऱ्याचा एक तुकडाही अडकला होता. मी सगळं कोरडं पुसलं, नवी टेप गुंडाळली, फ्यूज लावला. शांतता. मामांचा हात सवयीनं पिशवीकडे गेला. मामी पिशवीवर बसली, ती फरीदाबादपर्यंत उठली नाही.

बदरपूर ओलांडल्यावर रस्ता बरा आहे. नर्सरीच्या फाटकात चौधरीजी झेंडूचा हार आणि नारळ घेऊन उभे होते. मामी आणि मी एकदमच "नहीं, नहीं" म्हणालो. मामांनी त्यांच्या हातातून नारळ घेतला, लांब लिंबाच्या झाडाखाली जाऊन फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा पदरानं पुसून घेऊन बंपरवर ठेवला. पदर अर्थातच मामीचा. मग बॉनेटवर थाप मारली आणि वळून न बघता बसस्टॉपकडे चालू लागले. परतीच्या बसमध्ये एवढंच म्हणाले, "निघताना एकदा वाजली असती तर बरं वाटलं असतं."

ट्रक पोचला, कबाड टळलं, उरलेल्या नारळांच्या वड्या झाल्या. मामा मात्र रोज संध्याकाळी त्या रिकाम्या पार्किंगकडे बघत बसायचे.

मी वड्या न्यायला गेले होते तेव्हाच चौधरीजींचा फोन आला. "हवलदार साहब, गाड़ी बढ़िया है, पर हॉर्न बंद नहीं हो रहा. हमने तो बस पूजा की थी."

उपाय मामांना पाठ होता. तो त्यांनी लगेच सांगितला नाही.

"ज़रा फोन गाड़ी के पास ले जाओ जी," ते म्हणाले आणि स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. म्हातारी दम न घेता ओरडत होती. मामीनं गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत येऊन बसली. आम्ही तिघं ऐकत राहिलो. पलीकडून चौधरीजी दोनदा हॅलो हॅलो म्हणाले.

मग मामांनी घसा खाकरला. "हाँ जी, अब एक सूखा कपड़ा लाओ."