सातवी विहीर

ती दुपार आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की स्वतःचाच उजवा हात नकोसा वाटतो. चिखली तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही; ती माणसं अजून तिथेच राहतात.

रब्बीचे दिवस होते. गव्हाला पाणी देणं चालू होतं आणि विहिरींवरच्या मोटारी एकामागून एक चोरीला जात होत्या. गुन्हे दाखल होत होते, हाती काही लागत नव्हतं. वरिष्ठांचा रोज फोन, आणि गावकरी आम्हाला नावं ठेवायला मोकळे. माझं डोकं तापलेलं होतं.

त्यातच प्राथमिक आरोग्य केंद्राचं पत्र आलं. आठवडी बाजारात एक पिसाळलेलं कुत्रं चार जणांना चावलं होतं. तिघांना लस सुरू झाली होती. चौथी आठ-नऊ वर्षांची मुलगी. ती गर्दीतून बापाबरोबर निघून गेली होती. चावा मानेला होता. मानेचा चावा फार वाईट, रोग मेंदूपर्यंत लवकर पोचतो, आणि एकदा लक्षणं दिसली की इलाज नाही, तेव्हा तिला शोधायला मदत करा, असं डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं. लस फुकट होती, जखमेत द्यायचं सीरम त्यांनी बुलढाण्याहून आणून ठेवलं होतं, आशाताई घरोघर फिरत होत्या. फक्त मुलगी सापडत नव्हती. मी पत्र वाचलं, ‘हे आरोग्य खात्याचं काम’ म्हणालो आणि आवक नोंद करून फायलीला लावायला सांगितलं.

बाजाराच्या तिसऱ्या दिवशी सकाळी उंद्रीकडच्या एका पोलीस पाटलाचा फोन आला. एक अनोळखी माणूस आणि गळ्याला ओढणी गुंडाळलेली मुलगी शिवारात फिरत होती. विहीर दिसली की आत डोकावायचं आणि पुढे चालायचं, एवढंच त्यांचं काम. आदल्या दिवशी शेजारच्या गावातही ती दोघं दिसली होती. मला वाटलं, टोळीसाठी टेहळणी करणारा सापडला. संशय येऊ नये म्हणून पोर सोबत घेतली आहे. आम्ही जीप काढली आणि तासाभरात दोघांना एका शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, उचललं.

मुलीला बाहेर महिला कॉन्स्टेबलजवळ बसवलं आणि बापाला आत घेतलं. चाळिशीचा शेतमजूर. नाव सांगितलं, गाव सांगितलं. विहिरीत काय पाहत होतास, या प्रश्नाला मात्र तोंडात मिठाची गुळणी. मोटारी कुणाला विकतोस, साथीदार कोण, सगळं विचारून झालं. खोटं बोलणारी माणसं मी नोकरीत खूप पाहिली. खोटारडा गप्प बसत नाही, उलट जास्तच बोलतो. हा बोलतच नव्हता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण माझा पारा चढला आणि मी त्याच्या कानफटात लावली. त्यानं गालाला हातसुद्धा लावला नाही. दाराकडे पाहिलं, पोरीनं ऐकलं की काय म्हणून.

इतक्यात महिला कॉन्स्टेबल आत आली. मुलगी पाणी पीत नाही, पेला पुढे केला की तोंड फिरवते, असं तिनं सांगितलं. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्याला पाण्याची धास्ती बसते, हे मला ठाऊक होतं. फायलीला लावलेलं ते पत्र आठवलं. धावत बाहेर गेलो, ओढणी सोडायला लावली. मानेवर दातांच्या खुणा होत्या आणि त्यावर लाल तिखट थापलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. इतक्या लवकर लक्षणं सहसा दिसत नाहीत, पण आता एक मिनिटही घालवू नका, असं त्या म्हणाल्या.

मी आत जाऊन बापाला म्हणालो, पोरीला कुत्रं चावलंय. त्याचे डोळे भरून आले, पण तोंड उघडलं नाही. आमचे जमादार त्याच भागातले, जुने माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. कुत्रं चावलं की सात शिवारांतल्या सात विहिरींत डोकावायचं, अशी तिकडे काही घरांत रीत होती. सातवी होईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, परक्याचं पाणी प्यायचं नाही आणि अंगाला सुई लागू द्यायची नाही. जमादारांनी किती झाल्या विचारलं, तर त्यानं सहा बोटं दाखवली. सातवीच्या वाटेवर आम्ही त्याला धरलं होतं.

मी जीप लावायला सांगितली, तर बाप दारात आडवा झाला. चार शिपाई लावून पोरीला उचलून नेता आलं असतं. पण ही लस एका दिवसात संपत नाही. आज जबरदस्तीनं टोचलेली मुलगी पुढच्या डोसाला कोण आणणार होतं? तेव्हा जमादार त्याच्याजवळ खाली बसले.

“दवाखान्याच्या आवारात विहीर हाये बाप्पा. शिवारबी येगळं हाये. सातवी थेच धर. थे झाली का रीत पुरी झाली, मंग सुईची मनाई कायची?”

तो दारातून उठला. माझ्याकडे वळला.

“साहेब, म्या कोनाले सांगतलं नाई. तुमीच पाह्यलं. तुमच्या वहीत तसं लिवून ठेवा.”

मी स्टेशन डायरी उघडली. ‘सदर इसमाने वारंवार विचारूनही काहीएक सांगितले नाही. मुलीची जखम पोलिसांस स्वतः दिसून आली.’ हे त्याला दोनदा वाचून दाखवलं, तेव्हा तो जीपमध्ये बसला.

दवाखान्याच्या विहिरीवर लोखंडी जाळी होती. सगळा प्रकार ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्यांनी जाळीचं झाकण उघडवलं आणि मुलीचा दंड धरून स्वतः कठड्याशी उभ्या राहिल्या. मुलगी वाकली, आत पाहिलं. मग जखम साबणानं धुतली, सीरम दिलं, लस टोचली. नर्सबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. मी पेल्याकडे बघत होतो. तिनं एका दमात पेला रिकामा केला आणि आणखी पाणी मागितलं.

सगळे डोस झाले, एकही तारीख बापानं चुकवली नाही. मोटारचोर पुढे सापडले, ते भलतेच निघाले. त्या भागातल्या आशाताई नंतर घरोघर सांगू लागल्या की विहिरी पाहायच्या तर पाहा, पण पहिली दवाखान्यातली.

शेवटच्या डोसाच्या दिवशी तो ठाण्यात येऊन गेला. मार खाल्लास पण बोलला का नाहीस, असं मी विचारलं.

“चोर म्हनलं तं मले चालते साहेब. बोललो असतो तं पोर गेली असती.”

गप्प बसणारा प्रत्येक माणूस गुन्हाच लपवत असतो असं नाही, हे मी त्या माणसाकडून शिकलो. तोवर मी हातानं धडा शिकवणारा होतो. त्याची लाज वाटते, आणि वाटावीच. त्याच्या गप्प राहण्याची नोंद मी डायरीत केली, वेळेसह, सहीनिशी. माझा हात उठल्याची केली नव्हती. ती आज इथे करतो आहे.