कोणत्याच जिल्ह्यात नसलेली पोर

जळकोटच्या शाळेत पाणी भरायचं काम शिवम्माकडं होतं. नवरा गेल्यावर शाळेनं तिला ठेवून घेतलं, त्याला सात वर्षं झाली होती. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात शाळेची विहीर तळाला गेली, तेव्हा ती दीड मैलावरच्या मळ्यातून घागरी आणू लागली. तरी मुलांचा रांजण तिनं एक दिवस कोरडा पडू दिला नाही. बाई बोलायला कमी, पण हाती घेतलेलं काम अर्ध्यावर टाकणाऱ्यातली नव्हती.

तिची एकुलती एक लेक रुद्राणी तेव्हा अकरा वर्षांची होती. तालुक्याच्या शर्यतीत तिनं आठवीतल्या मुलींना मागं टाकलं, तेव्हापासून हणमंतराव गुरुजींचं तिच्यावर लक्ष होतं. पुण्याकडच्या एका निवासी क्रीडाशाळेचं पत्रक आलं तसं त्यांनी शिवम्माला बोलावून घेतलं. प्रत्येक जिल्ह्यातून दोन मुलं घेणार होते. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं तिथंच. अर्जावर जिल्ह्याच्या कचेरीचा शिक्का लागणार होता. शिवम्मानं लेकीला विचारलं. लेक जायला एका पायावर तयार होती.

दीर ईश्वरप्पाला हे मुळीच पटलं नाही. लिंगायताची पोर परक्या गावात, कुणाच्या हातचं काय खाणार, अन् उद्या वयात येऊन शाणी झाल्यावर तिच्याकडं कोण बघणार, असं तो घरी येऊन बडबडून गेला. शिवम्मानं त्याला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अर्ज घेऊन लातूर गाठलं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा वर्षही भरलं नव्हतं. कचेरी भाड्याच्या घरात, कपाटं अजून दोरीनं बांधलेली. कारकुनानं पत्रकामागची जिल्ह्यांची यादी खालवर पाहिली. यादी जुनी होती, तिच्यात लातूरचं नावच नव्हतं. शिक्का मारायला त्याची ना नव्हती, पण कोणत्या जिल्ह्याच्या जागेवर मारायचा? उस्मानाबादला जा, म्हणाला. ती उस्मानाबादला गेली. तिथल्या साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि उदगीर तालुका आता आमच्याकडं नाही, असं सांगितलं. ती पुन्हा लातूरला आली. क्रीडाशाळेच्या निवड चाचणीला आठ दिवस उरले होते.

या खेपेला ती कारकुनाच्या टेबलापुढं उभी राहिली ती हललीच नाही.

"साहेब, ते म्हणतेत आमची न्हाई, तुम्ही म्हणता यादीत न्हाई. मंग माझी पोर राहते तरी कुठं? एवढं कागदावर लिहून द्या."

कारकून हसला. मग ती हसत नाही हे पाहून उठला. असं कधी कुणी मागितलं नव्हतं. तो आत साहेबांकडं जाऊन आला आणि त्यानं लिहून दिलं : मुलगी लातूर जिल्ह्याची, परंतु पत्रकात जिल्ह्याचा उल्लेख नाही. तो कागद घेऊन शिवम्मा परत उस्मानाबादला गेली आणि तिथूनही दोन ओळी लिहून आणल्या. चौथीपर्यंतच शिकलेली बाई, पण दोन्ही कागद शिक्क्यासकट वाचून पाहिल्याशिवाय तिनं पिशवीत ठेवले नाहीत.

चाचणी सोलापूरला होती. मैदानावरच्या शिक्षकानं यादी पाहून नाही म्हणून मान हलवली, तेव्हा तिनं दोन्ही चिठ्ठ्या पुढं केल्या. त्यानं त्या दोनदा वाचल्या. पोरीला पळू तर दे, निर्णय वरचे घेतील, असं म्हणून त्यानं रुद्राणीला ओळीत उभं केलं. पळताना गळ्यात काही नको, असंही सांगितलं. रुद्राणीच्या गळ्यात इष्टलिंग होतं. ते अंगावेगळं करायचं नसतं. शिवम्मानं पदराची किनार फाडली आणि लिंग लेकीच्या दंडाला घट्ट बांधून दिलं. शिक्षकानं ते ओढून पाहिलं आणि तिला परत ओळीत धाडलं.

आठशे मीटरला पोर दुसरी आली. उंच उडीत मात्र तिनं दोनदा दांडी पाडली.

मग पालकांना एकेक करून आत बोलावलं. निवड समितीतल्या बाईंनी शिवम्माला सरळ विचारलं, की मुलीला सहा वर्षं क्रीडाशाळेत ठेवणार की मधेच लग्नासाठी घेऊन जाणार? अशा तीन मुली त्यांनी गमावल्या होत्या.

"सहा वर्षं तिच्यासाठी कुणाला दारात उभं करत न्हाई," शिवम्मा म्हणाली. "दीर भांडंल, त्याचं मी बघून घेते. पर एक सांगा, आमचं पोर अंडं-मटण खात न्हाई. त्याच्यावाचून पळता येतं का न्हाई?"

बाईंनी वही मिटली. येतं, म्हणाल्या, डाळ-दूध वाढवून देऊ. पहिल्यांदाच कुणी स्वयंपाकघराबद्दल विचारलं होतं.

जूनमध्ये पत्र आलं. रुद्राणीची निवड झाली होती आणि पत्राखाली लिहिलं होतं, की लातूर जिल्ह्याचं नाव यादीत घातलं असून दुसऱ्या जागेसाठी अर्ज मागवले आहेत. ती जागा पुढं निलंग्याच्या एका मुलीला मिळाली. पत्र आलं तेव्हा शिवम्मा मळ्यातून घागर घेऊन येत होती. गुरुजींनी वाटेतच ते वाचून दाखवलं. तिनं घागर खाली ठेवली नाही. डोक्यावर भार तसाच ठेवून पुन्हा एकदा वाचायला लावलं.

रुद्राणीला पोचवून येताना ती एसटीत खिडकीला डोकं टेकून उदगीरपर्यंत रडली. घरी आल्यावर कुणाला दिसू दिलं नाही. ईश्वरप्पा दिवाळीपर्यंत बोलला नाही, मग सुट्टीत लेक आली तशी तिचं पळणं बघायला पहाटे सगळ्यांच्या आधी तोच मैदानावर हजर.

रुद्राणी राज्य पातळीपर्यंत खेळली. पुढं गुडघ्यानं साथ दिली नाही. ती आता नांदेडच्या एका शाळेत खेळ शिकवते.

शिवम्माकडं मात्र लोक येत राहिले. कुठल्या कचेरीत काय मागायचं, हे तिला ठाऊक होतं. एकदा नायगावचा ग्यानोबा आपली लेक गुणा हिला क्रीडाशाळेत घालायचं म्हणून घेऊन आला. पोरगी भालाफेकीत तालुक्यात पहिली होती. ग्यानोबानं सगळे दाखले रांगेत मांडले. एकही कमी नव्हता. शिवम्मानं ते पाहिले, मग गुणाला जवळ घेऊन हळूच काहीतरी विचारलं. पोरीनं नुसती मान खाली घातली.

शिवम्मानं कागद गोळा करून ग्यानोबाच्या हातात दिले. "कागदात काय कमी न्हाई, भाऊ. पर पोरीला जायचं न्हाई. तिला घरी न्या."

ग्यानोबानं कागद पिशवीत घातले. मग त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि चारच्या गाडीनं दोघं नायगावला परत गेले.