इथली नाही, तर कुठली?

जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीपाशी माझ्यापुढे सुलभाताई उभ्या होत्या. मस्कतमध्ये वीस वर्षं परक्यांची आजारपणं काढून त्या गावी परतल्या होत्या. आता त्यांच्याच हृदयाचं ऑपरेशन करायचं होतं.

"रेशनकार्डावरून तुमचं नाव कमी झालंय," कारकून म्हणाला. "इथल्या रहिवासी नाही तुम्ही. मोफत ऑपरेशनची योजना मिळणार नाही."

"मग मी कुठली, ते लिहून द्या. सही-शिक्क्यासकट."

त्यानं त्यांचा अर्ज परत सरकवला. पोटासाठी गाव सोडलं, म्हणून माणूस इतक्या सहज खोडायचा?

"बाजूला व्हा, मावशी."

"होणार नाही."

त्यांना धाप लागली होती, तरी त्या हलल्या नाहीत. मागे कुणी कुरकुरलंही नाही. शेवटी आतून साहेब आले आणि त्यांनी अर्ज घेतला. तो मंजूर होईल का, ठाऊक नाही. पण रांगेतले आम्ही सगळे तेव्हा ताठ उभे होतो.