बुडालेल्या गावाच्या बाहुल्या

देवराज मोहल्ल्यातल्या महिला मंडळाची दसऱ्याला घरोघरी पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्यांची स्पर्धा असली, की पहिलं बक्षीस सुमित्राबाईंचं, हे ठरलेलंच. त्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्यांनी सुनेला बोलावलं. “नागरत्ना, यंदा तू मांड. घराचं नाव तेवढं राख.”

नागरत्ना नवऱ्याच्या दुकानात झंपर शिवायची. तिचं माहेर एच. डी. कोटेकडचं. कबिनीचं धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. तेव्हा ती सासरी, पहिलटकरीण. गाव उठलं त्या दिवशी तिला जाता आलं नाही. तिचे वडील विठ्ठलराव नव्या वसाहतीत राहायला गेले, आणि गावाचं नाव त्यांनी पुन्हा तोंडातून काढलं नाही.

दुकानातल्या चिंध्यांच्या तिने बाहुल्या केल्या. डोक्यावर दाराची फळी घेतलेला माणूस, गाडीत बसवलेली म्हातारी, देव पदरात बांधून चाललेली बाई. खालच्या पायऱ्यांवर निळं कापड अंथरलं. राजाराणीची लाकडी जोडी वरच्या पायरीवर असायची. ती तिने देवघरात ठेवली.

सुमित्राबाईंनी ते पाहिलं आणि भिंत धरली. “अय्यो! सणासुदीला घर सोडून निघालेली माणसं? बेडा गं, नको!”

“अत्ते,” नागरत्ना सासूला म्हणाली, “मांडायचं तर हेच. नाहीतर तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगा.”

नवरा, अनंतकृष्ण, रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. “आईचं मन मोडू नको,” एवढंच म्हणाला. तिलाही धास्ती होतीच. पण हात मागे घ्यावासा वाटेना.

परीक्षक आले. मंडळाच्या लक्ष्मीदेवी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “काम सुरेख आहे गं. पण राजाराणीशिवाय दसऱ्याची मांडणी होते का? जोडी वर ठेव, ते निळं काढ. गाव जत्रेला निघालंय असं लिहू. बक्षीस तुझंच.”

दारात सुमित्राबाई डोळ्यांनी विनवत होत्या. नागरत्ना लक्ष्मीदेवींकडे वळली.

“जत्रेला गेलेलं गाव परत येतं, अक्का. हे आलं नाही. निळं राहू दे.”

लक्ष्मीदेवींनी मान हलवली आणि मंडळी पुढच्या घरी गेली. सुमित्राबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, आणि सुनेशी बोलणंही टाकलं.

नवमीला विठ्ठलराव आले. नागरत्ना त्यांचीच वाट पाहत होती. ते पायऱ्यांसमोर थांबले, एकेक बाहुली पाहत गेले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

“अप्पा, चुकलं का काही?”

“लोकांना दाखवायला हेच सापडलं तुला?”

“लोकांना नाही. मी त्या दिवशी नव्हते, अप्पा. मला बघायचं होतं.”

“आम्हाला विसरायचं होतं,” ते म्हणाले. पानावर बसले, पण घास उतरला नाही. संध्याकाळच्याच बसने परत गेले.

दसरा झाला. बक्षीस दुसऱ्या घरी गेलं. सुमित्राबाई पुढे हळूहळू बोलायला लागल्या. पुढच्या वर्षी राजाराणी पुन्हा वरच्या पायरीवर बसली, आणि नागरत्नाने हरकत घेतली नाही. लक्ष्मीदेवींना नकार दिल्याचा तिला कधी पस्तावा झाला नाही. वडिलांना मात्र आधी विचारायला हवं होतं का, हे कोडं तिला सुटलं नाही. मशीनवर बसली असताना ते मध्येच आठवायचं, आणि पायडलवरचा पाय थांबायचा.